पत्ता उघडा असतो, यादी नसते

एका खासगी शाळेनं फी हप्त्याहप्त्यानं भरण्याची सवलत मागितलेल्या पालकांना एकच मेल धाडला आणि सगळ्यांचे पत्ते 'टू'च्या रकान्यात टाकले, म्हणजे प्रत्येकाला बाकीच्यांचेही पत्ते दिसले. मजकूर अगदी साधा होता. दुसरा हप्ता कधीपर्यंत भरायचा, उशीर झाला तर दंड किती, पावती कुठून घ्यायची. पण त्यावरून पालकांमध्ये जो वाद माजला तो ऐकून मला त्या मेलपेक्षा वादाचीच जास्त काळजी वाटली. एक पक्ष म्हणतो, "ई-मेलच्या पत्त्यात कसलं आलंय गुपित? व्हिजिटिंग कार्डावर छापून गावभर वाटतोच की आपण. अहो, सातबारासुद्धा आता घरबसल्या कुणीही बघतं." दुसरा पक्ष म्हणतो, "आता स्पॅम येणार, बँकेच्या नावानं फसवे मेल येणार, शाळेवर कारवाई झालीच पाहिजे." एका गोष्टीवर मात्र दोन्ही पक्षांचं चटकन एकमत झालं. ऑफिसातल्या ज्या बाईंनी 'बीसीसी' (म्हणजे पत्ते एकमेकांना न दिसणारा रकाना) सोडून 'टू' निवडलं त्यांना समज द्या, जमल्यास घरी बसवा.

हे तिन्ही सूर चुकलेले आहेत असं माझं मत आहे. पत्ता गुपित नसतो हे पहिल्या पक्षाचं म्हणणं खरं, पण म्हणून काही बिघडलं नाही हा त्यांचा निष्कर्ष खोटा. गुपित असते ती यादी. अमक्याचा पत्ता काय, ही माहिती फुटकळ आहे. अमका कोणत्या यादीत आहे, ही माहिती त्याचं घरदार, तब्येत, पैसा सगळं सांगून जाते. आणि ही यादी पाठवणाऱ्याच्या संगणकात असली तरी त्याच्या मालकीची नसते. ज्यांची नावं तिच्यात आहेत त्यांनी एका कामापुरती ती त्याच्याकडे विश्वासानं दिलेली असते. तो विश्वास सांभाळण्याचं काम जी संस्था एका कारकुनाच्या क्लिकवर सोपवते, ती संस्था दोषी आहे.

त्या मेलकडे जरा जवळून बघू. बहुतेक पत्त्यांत नाव आणि आडनाव, काहींत पुढे जन्मसालही. एक पत्ता बड्या कंपनीचा, म्हणजे 'यांना कशाला हवी सवलत' ही कुजबुज आलीच. एक पत्ता दुकानाच्या नावाचा आणि ते दुकान शाळेच्याच रस्त्यावरचं. या सगळ्यांच्या वर विषयाची ओळ, 'फी सवलत : दुसरा हप्ता'. त्या ओळीखाली नाव दिसलं की आणखी काही सांगायची गरजच उरत नाही. त्यात एका वडिलांनी मुख्याध्यापकांना उत्तर लिहिलं, पगार थकलाय, हप्ता आणखी पुढे ढकलता येईल का, आणि ते 'रिप्लाय ऑल'नं सगळ्यांकडे गेलं. त्यांना हसणारे लोक मी पाहिले. पण शाळेचा मेल आला की तो आपल्या एकट्याला आलाय याच समजुतीनं माणूस वाचतो आणि त्याच समजुतीनं उत्तर देतो. स्पॅम अडवायला मेलमध्ये सोय असते. दुसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकापाशी भेटणाऱ्या नजरा अडवायला कसली सोय असते?

पहिल्या पक्षाचा सगळ्यात भक्कम मुद्दा टेलिफोन डिरेक्टरीचा आहे आणि तो सहज उडवून लावण्यासारखा नाही. मुंबईत एमटीएनएलची जाडजूड डिरेक्टरी घरोघरी यायची. नाव, पत्ता, नंबर, सगळं छापील. कुणी तक्रार केली? उलट आपलं नाव त्यात आलं की बघायला लोक पानं उलटायचे. मग आत्ताच आपण एवढे हळवे का झालो? उत्तर असं की डिरेक्टरी एवढंच सांगायची की या घरी फोन आहे. त्या काळात ही प्रतिष्ठेची बाब होती आणि ती लपवण्याचं काही कारण नव्हतं. आता तीच डिरेक्टरी, तेच नंबर, पण वेगवेगळ्या भागांत छापा. एक भाग कर्जाचे हप्ते थकलेल्यांचा, एक मानसोपचारतज्ज्ञाकडे जाणाऱ्यांचा, एक वंध्यत्वाचे उपचार घेणाऱ्यांचा. एकही नवा नंबर उघड झालेला नाही. चालेल? गणेशोत्सवात मंडपाबाहेर वर्गणीदारांची नावं आकड्यांसकट फळ्यावर लिहिली जातात आणि माणसं ती अभिमानानं वाचतात. त्याच मंडळानं शेजारी दुसरा फळा लावून वर्गणी नाकारणाऱ्यांची नावं लिहिली, तर विसर्जनापर्यंत मांडव टिकणार नाही. माणसं तीच, गल्ली तीच, नावं सगळ्यांना ठाऊक असलेलीच. बदललं ते फक्त फळ्याचं शीर्षक.

शीर्षकाची किंमत किती असू शकते याचं सर्वांत भयंकर उदाहरण २० सप्टेंबर २०२१ चं आहे. काबूल तालिबानच्या हाती जाऊन महिना उलटला होता. ब्रिटिश फौजांसाठी काम केलेल्या आणि आता ब्रिटनमध्ये आसरा मागणाऱ्या अफगाण माणसांना ब्रिटनच्या संरक्षण खात्यानं एक मेल पाठवला. २४५ पत्ते, सगळे 'टू'मध्ये. ५५ जणांच्या पत्त्याशेजारी त्यांचा छोटा फोटोही दिसत होता. दोघांनी सगळ्यांना उत्तर दिलं आणि त्यांतल्या एकानं आपण कुठे आहोत तेही लिहून टाकलं. खात्यानं मग 'तो मेल पुसून टाका, आपला पत्ता बदला' असं कळवलं. पुढच्या चौकशीत असंच आणखी दोनदा त्याच महिन्यात घडल्याचं निघालं, उघड झालेले पत्ते २६५ वर गेले आणि डिसेंबर २०२३ मध्ये तिथल्या माहिती आयुक्त कार्यालयानं खात्याला साडेतीन लाख पौंडांचा दंड केला. यांतला प्रत्येक पत्ता त्या माणसानं आधी कुणाकुणाला दिलेलाच असणार. मग दिलेला पत्ता दिसला यात बिघडलं काय, असं पहिला पक्ष इथेही म्हणेल का?

उदाहरण टोकाचं आहे, मान्य. शाळेची फी आणि तालिबान यांची सांगड घालणं कुणाला अतिरेकी वाटेल. मग मधलं उदाहरण घ्या. लंडनच्या सोहो भागात ५६ डीन स्ट्रीट नावाचं लैंगिक आरोग्याचं दवाखाना-केंद्र आहे. सप्टेंबर २०१५ मध्ये त्यांनी एचआयव्हीसंबंधीची सेवा घेणाऱ्यांना नेहमीचं वार्तापत्र धाडलं आणि ७८१ पत्ते उघडे पडले. त्यांतल्या ७३० पत्त्यांवरून पूर्ण नाव कळत होतं. मजकुरात कुणाच्या आजाराबद्दल अवाक्षर नव्हतं. यादीतल्या प्रत्येकाला एचआयव्ही होता असंही नाही. पण वाचणाऱ्याला हे कुठून कळणार? यादीच बोलली, आणि जे खरं नव्हतं तेही बोलली. एखाद्या कागदपत्रातून चुकीची माहिती गेली तर ती दुरुस्त तरी करता येते; यादीवरून लोकांनी मनात जो अंदाज बांधला, त्याचं शुद्धिपत्रक कसं काढणार? आपल्याकडे २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा रुग्णाच्या संमतीशिवाय त्याची स्थिती उघड करायला मनाई करतो आणि तो सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. पण उघड करणं म्हणजे फक्त 'याला आजार आहे' असं लिहिणं, अशी आपली समजूत आहे.

यादीचा हा गुण आपल्याला खरं तर नव्यानं शिकवायला नको होता. मार्च २०२० मध्ये, कोरोनाच्या साथीत, महाराष्ट्रात घरी विलगीकरणात असलेल्यांच्या डाव्या हातावर शिक्के मारले गेले. अनेक शहरांत नावपत्त्यांच्या याद्या व्हॉट्सॲपवर फिरल्या, घरांवर पोस्टर लागली. हेतू वाईट नव्हता, साथ आटोक्यात आणायची होती. पण दूधवाला यायचा थांबला, मोलकरणीला लिफ्टमधून उतरवलं गेलं, बरी होऊन आलेली माणसं महिनोन्महिने तोंड चुकवत राहिली. शेवटी डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली सक्षम अधिकाऱ्याचा तसा आदेश असल्याशिवाय रुग्णांच्या घरांवर अशी पोस्टर लावता येणार नाहीत. त्या घराचा पत्ता सगळ्या गल्लीला आधीपासून माहीत होता. ही गोष्ट आपल्या डोळ्यांदेखत घडलेली आहे, तरी पत्ता उघडच असतो हा युक्तिवाद आपण पुन्हा करतोच.

आता असा आक्षेप, ज्याच्यापुढे मी स्वतः अडखळतो. लपवण्याची सवय लागली की ती सत्तेच्या सोयीची होते. बिल्डरला त्याच्या दोनशे ग्राहकांनी एकमेकांना ओळखू नये असंच वाटत असतं. ताबा लांबला की प्रत्येकाला स्वतंत्र मेल, प्रत्येकाला स्वतंत्र गोड थाप. २३ सप्टेंबर २०१९ ला रिझर्व्ह बँकेनं पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह) बँकेवर निर्बंध घातले, सुरुवातीला खात्यातून फक्त एक हजार रुपये काढता येत होते. तेव्हा ठेवीदारांची ताकद कशात होती? शाखांबाहेर रस्त्यावर एकमेकांना भेटण्यात, एकमेकांचे नंबर घेण्यात. बँकेचे मेल प्रत्येकाला झाकून गेले असते आणि लोक घरीच बसले असते, तर त्यांचा आवाज कुठून उठला असता? शिवाय गोपनीयतेच्या नावाखाली काय चालतं हे आपण बघतोच आहोत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याच्या कलम ४४(३) नं माहितीच्या अधिकारातली वैयक्तिक माहितीची तरतूद इतकी आवळली की अधिकाऱ्याबद्दल काही विचारलं तरी 'वैयक्तिक' म्हणून दार लावता येईल. ज्या महाराष्ट्रानं केंद्राच्या आधी, २००२ मध्ये, माहितीच्या अधिकाराचा कायदा केला, त्या महाराष्ट्रातल्या माणसाला या शब्दाचा संशय यावा हे योग्यच आहे.

पण यातून निघतं काय? मला वाटतं, एक साधा भेद निघतो, पदाचा आणि माणसाचा. शासन निर्णयाच्या तळाशी 'प्रति' म्हणून राज्यपालांच्या सचिवांपासून जिल्हाधिकाऱ्यांपर्यंत लांबलचक यादी असते आणि शेवटी 'निवडनस्ती', म्हणजे कार्यालयात जपून ठेवायची फाइल. ती उघडच असली पाहिजे. कारण तिथे माणसाला नव्हे, खुर्चीला पत्र जातं, आणि कोणत्या खुर्चीला काय कळलं होतं हे लोकांना समजायलाच हवं. कार्यालयात वरिष्ठाला गुपचूप बीसीसी ठेवून सहकाऱ्याला मेल लिहिणं मला म्हणूनच कोतेपणाचं वाटतं. त्या बाबतीत बीसीसीवर टीका करणाऱ्यांशी मी सहमत आहे. पण फी सवलत मागणारा पालक, समुपदेशन घेणारी बाई, तक्रारदार, रुग्ण ही खुर्ची नव्हे. त्यांच्या नावावर कुणाला जाब विचारायचा नसतो. ती उघडायचीच असतील तर उघडण्याचा हक्क त्यांचा आहे. पीएमसीच्या ठेवीदारांनी आपली नावं स्वतः उघडली, बँकेच्या बेफिकिरीनं ती उघडी पडली नव्हती. फ्लॅट घेणाऱ्यांना एकत्र येता यावं म्हणून २०१६ च्या रेरा कायद्यानं त्यांची संस्था स्थापन व्हायला मदत करण्याची जबाबदारीच बिल्डरवर टाकली आहे. सहकारी गृहनिर्माण संस्थेत सभासदांची नोंदवही असते आणि सभासदाला ती बघता येते. एकजुटीचे हे मार्ग आहेत, त्यांच्यासाठी भांडावं. एखाद्या कारकुनानं चुकून यादी फोडावी आणि त्यातून आपली एकजूट व्हावी, असा मार्ग कुणाला हवा आहे? आणि सोसायटीतही सभासदांची यादी वेगळी, 'वरच्या मजल्यावरच्या आवाजाबद्दल लेखी तक्रार केलेल्यांची' यादी वेगळी.

राहिला तिसरा सूर, बाईंना समज द्या. मला सर्वांत जास्त राग याचाच येतो. बीसीसी हे नाव टाइपरायटरच्या काळातल्या कार्बन प्रतीवरून आलं. मूळ पत्रावर नोंद न करता एखाद्याला जादा प्रत द्यायची, हा त्याचा उपयोग. संगणकावरही यंत्रणा तशीच आहे. पत्र कुणाकुणाला पोचवायचं ही यादी सर्व्हरकडे वेगळी जाते आणि पत्राच्या माथ्यावर वाचणाऱ्याला दिसते ती यादी वेगळी असते. बीसीसीतला पत्ता पहिल्या यादीत जातो, दुसरीत उमटत नाही, एवढीच करामत. एकदोघांना गुपचूप प्रत धाडण्याची ही सोय. शेकडो लोकांची नावं जपण्याचं साधन म्हणून ती कुणी बनवलीच नव्हती. त्यातून बहुतेक मेलमध्ये 'टू' समोर उघडा असतो आणि बीसीसी एका बारीक अक्षरांच्या कळीमागे दडलेला. दिवसाकाठी पन्नास मेल पाठवणाऱ्या माणसाच्या हातून हे कधीतरी चुकणार की नाही? 'कधीतरी' हे उत्तर असेल, तर प्रश्न काळजीचा उरत नाही, रचनेचा होतो.

याचा पुरावा हवा तर ब्रिटनमध्ये बालकांच्या लैंगिक शोषणाची चौकशी करणाऱ्या स्वतंत्र आयोगाची गोष्ट बघा. २७ फेब्रुवारी २०१७ ला एका कर्मचाऱ्यानं ९० जणांना सुनावणीबद्दल मेल पाठवला. बीसीसीमध्ये, अगदी बरोबर. मग लक्षात आलं की मजकुरात एक चूक राहिलीय. दुरुस्तीचा दुसरा मेल घाईनं गेला तो 'टू'मधून. म्हणजे ज्याला बीसीसी माहीत होतं, ज्यानं काही वेळापूर्वीच ते वापरलं होतं, आणि जो चूक सुधारण्याइतका दक्ष होता, त्याच माणसाकडून हे झालं! ५२ पत्त्यांतून पूर्ण नावं कळत होती. मेल पुसून टाका अशी विनंती करणारे तीन मेल आयोगानं पाठवले. त्यांतल्या एकावर ३९ जणांची 'रिप्लाय ऑल' उत्तरं आली. दोन लाख पौंड दंड झाला. डीन स्ट्रीट ज्या रुग्णालय-ट्रस्टकडे आहे, त्याच ट्रस्टमध्ये २०१० साली एचआयव्हीच्या १७ रुग्णांच्या बाबतीत हाच प्रकार घडून गेला होता. तेव्हाही कुणाला तरी समज दिली गेली असणारच. पाच वर्षांनी १७ चे ७८१ झाले.

तिथल्या माहिती आयुक्तांनी २०२३ मध्ये सांगितलं की बीसीसीच्या गफलतीची जवळजवळ हजार प्रकरणं २०१९ पासून त्यांच्याकडे आली. आणि सल्ला दिला तो 'बीसीसी नीट वापरा' असा नव्हे; संवेदनशील माहिती असेल तर बीसीसीवर विसंबूच नका, असा.

छोट्या संस्था म्हणतील, आम्हाला हे परवडत नाही. पतपेढी आहे, ग्रंथालय आहे, दोन माणसांत कारभार चालतो. हा मुद्दा मी मनापासून मान्य केला असता, जर उपाय महाग असता तर. मेल मर्जनं प्रत्येकाला वेगळा मेल जातो, त्यात त्याचं नावही घालता येतं, आणि ती सोय ऑफिसातल्या साध्या वर्डमध्ये कितीतरी वर्षांपासून आहे. गूगल ग्रुपमध्ये सभासदांची नावं एकमेकांना दिसणार नाहीत आणि फक्त चालकच लिहू शकेल अशी मांडणी फुकट करता येते. एकदा बसून लावली की पुढे कुणाला बीसीसी आठवावं लागत नाही. व्हॉट्सॲपवर तर साध्या ग्रुपात प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो, त्यामुळे 'डायलिसिस रुग्ण' नावाचा ग्रुप काढणाऱ्या रुग्णालयानं मेलवाल्यांना हसू नये. वर्गमित्रांचं स्नेहसंमेलन, लग्नाचं बोलावणं, ट्रेकचा बेत यांत मात्र सगळे पत्ते उघडे असू द्यात. एकमेकांना सापडणं हाच तिथला उद्देश असतो, आणि वैयक्तिक माहिती संरक्षणाचा नवा कायदाही खासगी, घरगुती कामाला हात लावत नाही.

त्या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्या अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतील. माहिती फुटली तर ज्याची फुटली त्या प्रत्येकाला कळवायचं, माहिती संरक्षण मंडळाला ७२ तासांत तपशील द्यायचा, आणि सुरक्षेची वाजवी काळजी घेतली नसेल तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत. हे आकडे ऐकून शाळा-दवाखाने सल्लागार नेमतील आणि प्रत्येक मेलच्या तळाशी कुणीही न वाचणारा इंग्रजी इशारा चिकटवतील. माझी अपेक्षा त्याहून फार लहान आहे. ज्या यादीला सवलत, आजार, तक्रार किंवा थकबाकी यांपैकी एखादं शीर्षक देता येतं, ती यादी संस्थेच्या रोजच्या मेलच्या खिडकीतून जाणारच नाही अशी व्यवस्था करावी, तिच्यासाठी लागणारा एक दिवस आणि एक माणूस द्यावा. आणि हा ठराव विश्वस्त मंडळाच्या इतिवृत्तात, अध्यक्षांच्या सहीनं यावा. कारकुनाला दिलेल्या सूचनापत्रात नव्हे.